एमबीए झेपतं का हे सगळे विचारतात, मजा येते का हे कोणीच विचारत नाही

परवा परत एक मेसेज आला, मावसभावाचा मित्र, जूनमध्ये एमबीएला जॉइन होतोय आणि प्रश्न तोच, "ताई, झेपतं का?" झेपतं रे बाबा. ज्यांनी आयुष्यात कधी डेबिट-क्रेडिट बघितलं नव्हतं त्यांचंही झेपलं, ज्यांना स्टॅट्सची, म्हणजे संख्याशास्त्राची, भीती वाटायची त्यांचंही झेपलं, पहिले दोन-तीन महिने हाल होतात आणि मग अंग सरावतं. पण त्यात मजा येते का हे मला आजपर्यंत एकानेही विचारलेलं नाही आणि मला खरं तर त्यावरच बोलायचंय, कारण माझ्या आयुष्यातली सगळ्यात जास्त कामाची दोन वर्षं आणि सगळ्यात जास्त आनंदाची दोन वर्षं एकच होती.

मजा म्हटलं की लोकांना फ्रेशर्स पार्टी, गोवा ट्रिप, फेस्ट असलं वाटतं. ते सगळं झालं आणि छान झालं. पण मी म्हणतेय ती मजा अभ्यासाचीच, रात्री दीड वाजता पाच जण एका टेबलाभोवती बसून एका आकड्यावर भांडताना येते ती. ती ज्यांना सापडली त्यांची दोन वर्षं भुर्रकन गेली, आणि ज्यांना नाही सापडली ते तितकेच हुशार असून दोन वर्षं फक्त प्लेसमेंटची वाट बघत बसले, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

माझं थोडक्यात सांगते. इस्लामपूरकडची, दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग प्रॉडक्शन इंजिनिअरिंग, मग चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या प्लँटमध्ये काही वर्षं नोकरी, मग कॅट दिली आणि मुंबईतल्या एका इन्स्टिट्यूटमध्ये नंबर लागला. तीन महिन्यांची एक टर्म, एका टर्मला सात-आठ विषय, रिलेटिव्ह ग्रेडिंग म्हणजे तुमचे मार्क किती यापेक्षा बाकीच्यांच्या तुलनेत तुम्ही कुठे हे महत्त्वाचं, आणि सीपी. सीपी म्हणजे क्लास पार्टिसिपेशन, वर्गात बोलायचे मार्क, आणि समोर तुमच्या नावाची पाटी ठेवलेली असते त्यामुळे लपायला जागा नाही, सर हातातली यादी बघून कोणाचंही नाव घेतात आणि म्हणतात करा सुरुवात.

वर्गात हे जे बोलायचं ते एखाद्या कंपनीच्या केसवर, आणि ही केस पद्धत मुळात अमेरिकेतल्या हार्वर्ड बिझनेस स्कूलची. ते सुरू झालं १९०८ मध्ये, केस पद्धत तिथे रुजली १९२० च्या दशकात, आणि १९६१ मध्ये अहमदाबादचं आयआयएम उभं राहिलं तेव्हा हार्वर्डचं सहकार्य होतं म्हणून ती आपल्याकडे आली आणि मग सगळीकडे पसरली. म्हणजे काय तर तुम्हाला थिअरी आधी शिकवतच नाहीत. एका कंपनीची पंधरा-वीस पानांची गोष्ट देतात, मागे आकड्यांचे तक्ते, आणि विचारतात तू या माणसाच्या जागी असतीस तर सोमवारी सकाळी काय केलं असतंस. उत्तर छापलेलं कुठेच नाही. आपण लहानपणापासून गाइडच्या मागची उत्तरं बघत मोठे झालोय, त्यामुळे सुरुवातीला हे फार अस्वस्थ करतं, वर्ग संपतो आणि सर बरोबर उत्तर न सांगताच निघून जातात, आणि तुम्ही कॉरिडॉरमध्ये उभे राहून अजून वाद घालत असता. तो कॉरिडॉरमधला वाद म्हणजेच शिक्षण, हे मला पहिल्या टर्मच्या शेवटी कुठेतरी कळलं आणि तिथून सगळं बदललं.

आमचा स्टडी ग्रुप इन्स्टिट्यूटनेच ठरवलेला. एक सीए, एक बीएमएम, म्हणजे मास मीडियाची डिग्री, करून जाहिरात एजन्सीत काम केलेली मुलगी, एक शॉर्ट सर्व्हिस संपवून आर्मीतून आलेला कॅप्टन, एक डेंटिस्ट आणि मी. डेंटिस्ट एमबीएला कशाला असं सगळ्यांनाच वाटायचं. आणि मग ऑपरेशन्स या विषयात एका दातांच्या क्लिनिकची केस आली, पेशंटची गर्दी वाढलीय, डॉक्टर एकच, दुसरी खुर्ची घ्यावी का. आम्ही सगळ्यांनी झटकन सांगितलं की नको, कारण बॉटलनेक, म्हणजे जिथे सगळं काम अडतं ती जागा, डॉक्टर आहे, खुर्ची नाही, दहा खुर्च्या घेतल्या तरी हात दोनच. पुस्तकाप्रमाणे अगदी बरोबर. डेंटिस्ट शांतपणे म्हणाला, "मी इंजेक्शन दिल्यावर दात बधिर व्हायला काही मिनिटं जातात. त्या वेळात मी नुसता उभा असतो. दुसरी खुर्ची असली की तेवढ्यात तिकडचा पेशंट बघतो." बास. त्याच्या एका वाक्याने आमचं पूर्ण उत्तर फिरलं, बॉटलनेक डॉक्टरच होता पण त्याचा जो वेळ वाया जात होता तो आमच्यातल्या कोणालाच दिसला नव्हता, कारण आमच्यापैकी कोणी कधी ती सुई हातात धरून उभं राहिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वर्गात मी तेच मांडलं, त्याचं नाव घेऊन मांडलं, आणि मला अजून आठवतं की त्या दिवशी पहिल्यांदा इंग्लिशमध्ये बोलताना माझं लक्ष इंग्लिशकडे नव्हतंच.

मराठी मीडियमवाल्यांनो, हे तुमच्यासाठी खास लिहितेय. इंग्लिश सुधारतं म्हणून आत्मविश्वास येत नाही, सांगण्यासारखं काहीतरी जीव तोडून सांगावंसं वाटलं की तोंड आपोआप उघडतं. केस दोनदा वाचा, तक्ते स्वतः एक्सेलमध्ये टाका, आणि मग बघा.

बॉटलनेकचं डोक्यात इतकं बसलं होतं की दिवाळीला घरी गेले तेव्हा तेच दिसायला लागलं. माझी काकू फराळाच्या ऑर्डरी घेते, बरीच वर्षं झाली. अनारसे आणि चकली तिची खासियत. तिचं म्हणणं अनारशात पैसा आहे, किलोमागे खर्च जाऊन साधारण २४० रुपये सुटतात, चकलीत १५० च. मी तिच्यासोबत दोन दिवस स्वयंपाकघरात बसले आणि घड्याळ लावलं. तांदूळ भिजवणं वगैरे सोडून द्या, ते काय आपोआप होतं, पण अनारसे थापणं, खसखस लावणं, मंद आचेवर एकेक तळणं, वरून झाऱ्याने तूप उडवत राहणं, आणि पीठ जरा बिघडलं की अनारसा हसतो आणि सगळं तुपात, तर या सगळ्यात किलोला काकूचे दोन तास जातात. चकलीला पाऊण तास. म्हणजे काकूच्या एका तासाला अनारसे १२० रुपये देतात आणि चकली २००. आणि दिवाळीच्या आधी कमी पडतो तो काकूचा तासच, पीठ-तूप कितीही आणता येतं. कॉस्टिंगच्या, म्हणजे खर्चाच्या हिशोबाच्या, वर्गात हेच शिकवलं होतं, नफा किलोमागे मोजू नका, जी गोष्ट अपुरी आहे तिच्या एका युनिटमागे मोजा.

मी कागदावर मांडून दाखवलं. काकूने चष्मा लावून नीट बघितलं, बेरीज तपासली, आणि म्हणाली, "हिशोब बरोबर हाय गं तुझा. पण अनारसं न्हाईत म्हटल्यावर बायका चकलीला तरी कशाला माझ्याकडं येतील? चकली कोपऱ्यावर पण मिळती."

मला इतका आनंद झाला त्या उत्तराचा की काय सांगू. कारण हीच गोष्ट मार्केटिंगच्या सरांनी दोन आठवडे आधी सांगितली होती, की गिऱ्हाईक एक वस्तू घेत नाही, पूर्ण टोपली घेतं, आणि टोपलीत एक वस्तू अशी असते जिच्यासाठी ते दुकानात येतं. काकूला हे कोणी न शिकवता माहीत होतं. मग आम्ही दोघींनी मिळून ठरवलं, नुसत्या अनारशांची ऑर्डर घ्यायची नाही, एक किलो अनारशासोबत किमान दोन किलो चकली किंवा शेव. त्या वर्षीपासून तसंच चाललंय. कॉस्टिंग आणि मार्केटिंग हे दोन वेगळे विषय आहेत असं टाइमटेबलमध्ये असतं, काकूच्या ओट्यावर ते एकच आहेत, आणि हे एकदा दिसलं ना की मग अभ्यास अंगावर येत नाही, उलट पुढच्या लेक्चरला काय मिळणार याची ओढ लागते.

आता बिअर गेमबद्दल, म्हणजे बिअरच्या पेट्या फॅक्टरीपासून दुकानापर्यंत पोचवायचा वर्गातला खेळ. ज्यांना हा अजून खेळायचाय त्यांनी पुढचे तीन पॅरा सोडून द्या, मनापासून सांगतेय, माहीत नसताना खेळण्यात जे मिळतं ते परत मिळत नाही.

हा गेम अमेरिकेतल्या एमआयटीत प्राध्यापक जे फॉरेस्टर यांच्या ग्रुपने १९६० च्या आसपास तयार केला आणि आजही जगभर खेळवतात. चार जणांची साखळी, दुकानदार, होलसेलर, डिस्ट्रिब्युटर आणि फॅक्टरी. बोलायचं नाही. प्रत्येकाने फक्त चिठ्ठीवर आकडा लिहून वरच्याला ऑर्डर द्यायची. ऑर्डर पोचायला वेळ, माल यायला वेळ. माल पडून राहिला तर पेटीमागे अर्धा डॉलर, माल कमी पडला तर एक डॉलर. गिऱ्हाइकाला किती हवंय हे फक्त दुकानदाराला दिसतं. मी फॅक्टरी होते. सुरुवातीला सगळं शांत, आठवड्याला चार-चार पेट्या. मग चिठ्ठीवर आठ आलं, मग बारा, मग वीस, मग पस्तीस, मी धडाधड उत्पादन वाढवतेय, बॅकलॉग, म्हणजे द्यायच्या राहिलेल्या ऑर्डरी, साचतोय, समोरच्या डिस्ट्रिब्युटरकडे मी डोळे मोठे करून बघतेय आणि तो खांदे उडवतोय. आणि मी एकदाची भरपूर माल बनवला आणि तेवढ्यात चिठ्ठी आली शून्य. परत शून्य. परत शून्य. माझ्यासमोर पेट्यांचा डोंगर आणि कोणालाच नकोय.

गेम संपल्यावर सरांनी दुकानदार सोडून सगळ्यांना कागद दिला आणि म्हणाले, गिऱ्हाइकाची मागणी कशी होती असं तुम्हाला वाटतं त्याचा ग्राफ काढा. प्रत्येक टीमने मोठमोठे डोंगर-दऱ्या काढल्या, वर गेली, कोसळली. मग सरांनी खरा ग्राफ फळ्यावर काढला. चार, चार, चार, चार, आणि मग आठ. शेवटपर्यंत आठ. एकदाच एक पायरी चढली आणि तिथेच थांबली. बाकी सगळं वादळ आमचं आम्ही तयार केलं होतं. वर्गात कोणी काही बोललंच नाही थोडा वेळ. तोपर्यंत चारही जण एकमेकांना मनात शिव्या देत होते, मी डिस्ट्रिब्युटरला, तो होलसेलरला, आणि दुकानदार बिचारा आम्हा सगळ्यांना की माल का पाठवत नाहीत. चुकीचा माणूस साखळीत कोणीच नव्हता. रचनाच अशी होती की त्या जागी कोणीही बसलं असतं तरी हेच झालं असतं.

याला, म्हणजे मागणीतला छोटा बदल साखळीत वर जाता जाता मोठा होत जाण्याला, बुलव्हिप इफेक्ट म्हणतात. पी अँड जी कंपनीला पॅम्पर्सच्या बाबतीत हे दिसलं होतं, बाळं काय रोज साधारण तेवढेच डायपर ओले करतात, दुकानातली विक्री जवळपास स्थिर, पण कंपनीकडे येणाऱ्या ऑर्डरी वरखाली उड्या मारतायत. मी चाकणला असताना हेच बघत होते, एका महिन्यात ओव्हरटाइम, पुढच्या महिन्यात लाइन बंद, आणि आम्ही शॉप फ्लोअरवाले म्हणायचो प्लॅनिंगवाल्यांना अक्कल नाही, ते म्हणायचे सेल्सवाले आकडे फेकतात. इतक्या वर्षांचा तो राग त्या एका दुपारी गेला. आणि हा बदल नुसता कामापुरता राहिला नाही. घरात, मैत्रिणींत, कुठेही काही बिनसलं की आधी माणसाला दोष द्यायची सवय होती ती हळूहळू सुटली, आता मी आधी बघते की कोणाला काय माहीत होतं आणि कोणाला किती उशिरा कळलं. आईनेच एकदा म्हटलं, "शिकायला गेलीस तेव्हापासून चिडचिड कमी झालीय तुझी." दिवसाला पाच तास झोप मिळत असताना चिडचिड कमी झाली, यातच सगळं आलं.

(नंतर नोकरीत गेल्यावर पहिलं काम मी हेच केलं, डीलरकडून ऑर्डर किती आली यासोबत दुकानातून खरी विक्री किती झाली याचा आकडा मागायला सुरुवात केली. सगळे लगेच देत नाहीत. मागत राहावं लागतं.)

अशा लहान गोष्टी किती तरी. रांगेचं गणित आहे, लिटल्स लॉ, जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलं, अगदी साधं, रांगेतली माणसं म्हणजे दर मिनिटाला पुढे सरकणारी माणसं गुणिले लागणारा वेळ. पंढरपूरला आजीला घेऊन दर्शनबारीत उभी होते, तिने विचारलं किती वेळ गं, मी पुढे जाऊन बघून आले, मिनिटाला साधारण तीस जण सरकत होते, पुढे नऊ हजारांच्या आसपास माणसं आहेत असं तिथला स्वयंसेवक म्हणाला, म्हणजे तीनशे मिनिटं, पाच तास. आजीला सांगितलं, तिने पिशवीतून चादर काढली आणि निवांत बसत-उठत रांग काढली, सारखं किती राहिलं किती राहिलं केलं नाही. एका सूत्राने आजीचे पाच तास सुखाचे गेले.

आता जे बोलायला अवघड आहे ते. मोठ्या संस्थांमध्ये दोन वर्षांची फी वीस लाखांच्या वर गेलीय. डोक्यावर एवढं लोन घेऊन आलेल्या पोराला मजा कर म्हणणं सोपं नाही, हे मला कळतं, माझ्याही डोक्यावर होतं. पहिल्या टर्ममध्ये नीट श्वास घेत नाही तोवर समर्सची, म्हणजे उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपची, धावपळ सुरू होते, सीव्हीला पॉइंट हवा म्हणून लोक पाच कमिट्यांचे फॉर्म भरतात, शॉर्टलिस्ट लागली की हॉस्टेलमध्ये अर्धे जण सेलिब्रेट करतात आणि अर्धे दार लावून घेतात. माझं नाव पहिल्या काही शॉर्टलिस्टमध्ये नव्हतं आणि ते दिवस वाईट होते, त्यात गोड काही नाही. त्या दिवसांत कॅप्टनने आम्हाला एक सवय लावली जी मी अजून सोडलेली नाही. कुठलीही चर्चा लांबायला लागली की तो एवढंच विचारायचा, "निर्णय कधीपर्यंत घ्यायचाय?" उत्तर उद्या असेल तर आता झोपा. उत्तर आज असेल तर वीस मिनिटं लावा आणि संपवा. आमचा ग्रुप वर्गात सगळ्यात लवकर झोपणारा ग्रुप होता आणि आमचे मार्कही बरे होते.

माझं प्रामाणिक मत विचाराल तर सगळ्या विषयांत ए मिळवायच्या मागे लागू नका. दर टर्मला एक विषय असा निवडा की ज्यात तुम्ही सांगितलेल्या वाचनाच्या पलीकडे जाल, सरांच्या केबिनमध्ये जाऊन भांडाल, फक्त आवडतो म्हणून. बाकीच्यांत बी आला तरी चालतो, इंटरव्ह्यूत कोणीही माझी मॅक्रो इकॉनॉमिक्सची ग्रेड विचारली नाही. पण बुलव्हिपवर आणि काकूच्या अनारशांवर मी अर्धा तास बोलले आणि समोरचे दोघे पेन खाली ठेवून ऐकत होते.

आणि ज्यांच्या हातात अजून एक-दोन महिने आहेत त्यांनी कोर्सेरावर पंधरा कोर्स लावण्यापेक्षा एक काम करा. तुम्हाला ओळखीची असलेली एक लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली, कंपनी घ्या, जिचा माल तुम्ही वापरता किंवा जिथे घरातलं कोणी काम करतं, तिचा अ‍ॅन्युअल रिपोर्ट तिच्या वेबसाइटवर फुकट मिळतो. मी किर्लोस्करांचा पंपवाला घेतला होता कारण आमच्या विहिरीवर तोच आहे. पुढची रंगीत पानं, फोटो, चेअरमनचं पत्र नंतर वाचा. सरळ मागे जा, बॅलन्स शीट, आणि त्याच्या मागे बारीक अक्षरात नोट्स असतात तिथे. इन्व्हेंटरी, म्हणजे साठ्यातला माल, गेल्या वर्षी किती होती, या वर्षी किती आहे, विक्री तेवढी वाढलीय का. लोकांकडून येणं किती आहे आणि सहा महिन्यांच्या वर अडकलेलं त्यातलं किती, त्याचा तक्ता तिथेच असतो. अर्धे शब्द कळणार नाहीत, वहीत लिहून ठेवा. पहिल्या आठवड्यात अकाउंट्सच्या सरांनी काही शंका आहे का विचारलं की तुमच्याकडे खऱ्या कंपनीबद्दलचे, तुमच्या स्वतःच्या डोक्यातून आलेले दहा-बारा प्रश्न तयार असतील. हात वर करा आणि विचारा.